लिंबाच्या फळीवरची ज्वारी

पारनेरला आमच्या घराला लागून पत्र्याचं शेड आहे. शेडच्या पुढच्या भागात माझ्या नवऱ्याचं फर्निचरचं काम चालतं. कपाटं, किचनच्या ट्रॉल्या, शाळेचे बाक. मागच्या भागात खिडकीपाशी माझं टेबल. मी कोरीव काम करते. देव्हारे, दारावरच्या गणेशपट्ट्या, कधी एखाद्या बंगल्यातल्या झोपाळ्याची पाठ. हे काम मला वडिलांनी शिकवलं. ते मिरजगावचे सुतार. त्यांची पाठ दुखायला लागली तशी वाकून करायची कामं माझ्याकडे आली, आणि लग्नही सुताराच्याच घरात झाल्यामुळे पटाशी हातातून सुटली नाही.

अलीकडे माझं काम कमी झालंय. सुप्याला सीएनसी मशीन आलंय. मोबाईलवरून चित्र पाठवलं की सकाळी दिलेली पट्टी दुपारी कोरून मिळते. माझा नवरा स्वतः तिथून पट्ट्या आणतो. मला त्याचा राग येत नाही. लोकांच्या घराचं काम अडलेलं असतं, वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. त्यांनी माझ्यासाठी महिनाभर का थांबावं.

मशीन आलं त्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका दुपारी सिस्टर आमच्याकडे आल्या. सिस्टर म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी याच तालुक्यात काढली. माझ्या दोन्ही मुलींच्या वेळी त्याच माझ्याजवळ होत्या. आता रिटायर झाल्या होत्या, यजमान वारले होते, मुलगा पुण्याला होता, आणि त्या चर्चच्या मागच्या गल्लीत एकट्या राहत होत्या. त्यांच्या मागोमाग छोट्या टेम्पोतून एक जाड फळी उतरली.

"चर्चच्या आवारातला कडुलिंब वादळात पडला होता ना, त्याची आहे," सिस्टर म्हणाल्या. "फळ्या पाडून भिंतीला उभ्या करून ठेवल्या होत्या. आता चांगल्या वाळल्यात. चर्चच्या मंडळीनं ठरवलंय, बायबल ठेवून उभ्यानं वाचता येईल असा स्टँड करायचा. सांगाडा तुझे मालक करतील. ही पुढची फळी कोरायची."

"नक्षी काय पाहिजे?" मी विचारलं.

"ज्वारी. बाकी सगळीकडं द्राक्षाचे वेल नाहीतर गहू असतो. आमच्या मंडळीनं ज्वारी खाऊनच दिवस काढलेत."

मी म्हटलं, "करते की. ईस्टरच्या आत देते."

"तू नाही. मी कोरणार आहे. तू शिकव."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सत्तरीच्या जवळ आलेल्या. चष्मा, पांढरी सुती साडी, मांडीवर ठेवलेले हात. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत होता, चिमटीत गोळी वळावी तसा. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"कंपवात," त्या म्हणाल्या. "नगरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. गोळ्या चालू आहेत. हात रिकामा असला की हलतो, काही धरलं की थांबतो. अजून तरी थांबतो. म्हणून आत्ताच शिकायचंय."

त्या गेल्यावर नवरा पुढच्या भागातून आत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"सिस्टरला न्हाई म्हणता येत न्हाई, ते खरंय," तो म्हणाला. "पण पटाशी हाताला लागली म्हंजे? त्यापरीस मशीनवर करून देऊ. पैसे बी घ्यायला नको."

मी तोवर कुणाला शिकवलं नव्हतं. माझ्या मुलींना यात गोडी नव्हती, आणि बाहेरून कुणी विचारायला आलं नव्हतं. पण सिस्टरनी 'आत्ताच' ज्या तऱ्हेनं म्हटलं होतं, ते माझ्या कानातून जात नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फळी टेबलावर शिकंज्यात पक्की केली आणि सिस्टरना तिच्यावरून नुसता अंगठा फिरवायला सांगितला. लिंबाचं लाकूड टणक, त्यात त्याच्या रेषा सरळ जात नाहीत. वीतभर एकीकडे धावतात, मग उलट फिरतात. सागवानावर शिकणं सोपं गेलं असतं, पण त्या फळीवरच काम करायचं होतं.

"ज्वारीच्या पानावरनं बोट फिरवलंय ना?" मी म्हटलं. "एकीकडनं गुळगुळीत लागतं, उलटं फिरवलं की खरखरीत. तसंच हे."

त्यांनी अंगठा फिरवला, डोळे मिटून पुन्हा फिरवला. "इथं सापडतंय. पण आत खोल गेल्यावर रेषा कुठं उलटली ते कसं कळतं?"

"कळतं," मी म्हणाले.

"असं नाही चालणार. कळतं म्हणजे काय होतं? डोळ्याला दिसतं, हाताला लागतं, की ऐकू येतं?"

मला सांगता येईना. मी पटाशी उचलली, एका टाकाऊ तुकड्यावर ठोके मारायला लागले आणि आपण काय करतो आहोत याकडे लक्ष दिलं. इतक्या वर्षांत मी ते कधी दिलं नव्हतं. रेषेच्या बाजूनं पटाशी जात असते तेव्हा ठोक्याचा आवाज नीट, तुटक येतो. रेषा उलटायला लागली की आवाज जाडा होतो, आणि लाकूड फाटतं ते त्याच्यानंतर. हाताला ते उशिरा कळतं, डोळ्याला सगळ्यात शेवटी.

"आधी कानाला," मी सांगितलं.

सिस्टर खूश झाल्या. "मग ठीक. कान माझे चांगले आहेत. छाती तपासण्यात जन्म गेलाय."

वडिलांनी मला यातलं काही बोलून शिकवलं नव्हतं. ते शेजारी बसायचे, माझ्याकडून लाकूड बिघडायला लागलं की म्हणायचे, "दम धर. लाकूड कुटं पळून चाललंय का?" एवढंच. त्यांना बोलता येत नव्हतं असं नाही. चावडीवर ते तासन्‌तास बोलत. पण कामाबद्दल बोलायचं असतं हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, आणि त्यांच्यामुळे माझ्याही. सिस्टर मात्र प्रत्येक गोष्ट विचारत. ठोका मारताना तू श्वास सोडतेस, तो मुद्दाम का? नजर धारेवर ठेवायची की पुढं? डावा हात इतका घट्ट का? मी आधी करून बघे, मग सांगे. श्वास मुद्दाम नाही, पण कोंडून धरला तर खांदा ताठ होतो. नजर धारेच्या थोडी पुढं, जिथं जायचंय तिथं. डावं मनगट लाकडावर टेकलेलं पाहिजे, तेच पटाशीला आवरतं.

त्यांचा हात कसा चालेल याची मला धास्ती होती. हातोडा मुठीत आला की कंप खरोखर थांबायचा. पण एक अडचण होती. ठोका मारायच्या आधी त्या हातोडा हवेत धरून विचार करायच्या. नीट बसेल ना, जास्त तर जाणार नाही ना. तेवढ्या थांबण्यात हात पुन्हा हलायला लागायचा आणि ठोका वाकडा पडायचा.

चार-पाच दिवस असं चाललं. मग मी म्हटलं, "सिस्टर, विचार सगळा आधी करून घ्या. हातोडा खाली असताना. धार लाकडावर टेकवा, कुठं जायचंय ते बघा, आणि मग उचलला की मारायचाच. हवेत थांबायचं नाही."

त्यांनी तसं केलं. ठोका नेमका बसला. पुढचाही बसला. "इंजेक्शनचं पण असंच असतं," त्या म्हणाल्या. "सुई धरून विचार करत बसलं की पेशंटला जास्त दुखतं. हे मी किती पोरींना सांगितलंय, आणि इथं मीच विसरले."

एकदा मात्र आमचं वाजलं. पानाच्या कडेला त्या पटाशी फार आडवी धरत होत्या. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांच्या हातातून पटाशी घेतली आणि कड भराभर काढून टाकली. सिस्टर बाजूला झाल्या. पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्याकडं ट्रेनिंगला पोरी यायच्या. कितीही चुकत असल्या तरी पेशंटच्या जिवाला धोका नसेल तोवर त्यांच्या हातातली सुई मी काढून घेतली नाही. एकदा काढून घेतली की ती पोरगी पुढचं वर्षभर माझ्या तोंडाकडं बघत राहते."

मी पटाशी परत दिली. त्यांनी पलीकडच्या पानाची कड घेतली. ती माझ्यासारखी झाली नाही. पण ती त्यांची झाली, आणि त्यानंतर मी हात मागे बांधून उभी राहायला शिकले. हे मला कोरण्यापेक्षा अवघड गेलं. बिघडणार हे दिसत असतं, दोन ठोक्यांत सावरता येईल हेही दिसत असतं, आणि तरी तोंडानंच सांगायचं.

संक्रांतीच्या सुमाराला मंडळीतले एक गुरुजी बघायला आले. रिटायर झाल्यावर शेती करणारे. त्यांनी फळी बघितली. ज्वारीची ताटं उभी राहिली होती, पानं अर्धी झाली होती, कणसांच्या जागी नुसते पेन्सिलीचे लांबट गोळे होते.

"सिस्टर, ईस्टरला व्हायचं न्हाई हे," ते काळजीनं म्हणाले. "लोकांनी वर्गणी दिलीय, विचारतात. सुप्याला मशीनवर टाकू का?"

"नाही झालं तर जुन्या टेबलावर ठेवून वाचू," सिस्टर म्हणाल्या. "आतापर्यंत वाचतच होतो. पण कणसं कशी काढायची ते आम्हाला ठरवता येईना. ही म्हणते दाणे ओळीत काढू. मला ते पटत नाही."

गुरुजी गेले. दोन दिवसांनी त्यांनी शेतातली हिरवी कणसं पिशवीत भरून आणली. आम्ही आधी शेडच्या मागे शेकोटी करून हुरडा भाजला. नवरा, त्याचे कामगार, गुरुजी, सिस्टर, सगळे गोलात बसून खाल्लं. दोन कणसं तेवढी टेबलावर बाजूला ठेवली होती.

मग आम्ही त्या कणसांकडे बघत बसलो. लहानपणापासून ज्वारीत वावरले, पण कणीस असं समोर ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं. दाणे ओळीत नव्हतेच. एकमेकांना ढकलून बाहेर आलेले, काही अर्धवट सालीत दडलेले. एका कणसाची कड पाखरांनी खाल्ली होती, तिथं नुसती रिकामी टरफलं होती.

"हे असंच काढायचं," सिस्टर त्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या.

"खाल्लेलं?" मी विचारलं.

"खातातच की पाखरं. शेत कुणाचं सुटतं का?"

मी माझ्या कागदावरची ओळीतली नक्षी बाजूला ठेवली. त्या दिवसापासून आम्ही पेन्सिलीनं काहीच काढलं नाही. कणीस शेजारी ठेवायचं, एक दाणा बघायचा, एक दाणा कोरायचा. छोट्या गोल पटाशीनं अर्धा वेढा एका बाजूनं, अर्धा दुसऱ्या बाजूनं, मग डोक्यावरचा कोपरा अलगद उतरवायचा. मी घाईत असले की माझे दाणे सारखे होत. सिस्टरचे कधीच सारखे झाले नाहीत. त्यांना प्रत्येक वेळी नव्यानं बघावं लागे, आणि त्या बघत.

फेब्रुवारीत एका सकाळी पानाचं टोक तुटलं. सगळ्यात वरचं, वळून खाली आलेलं पान होतं. सिस्टरचा हात मध्येच सैल झाला, पटाशी घसरली आणि नखाएवढा तुकडा उडाला. त्या स्टुलावर बसल्या आणि घड्याळात पाहिलं.

"गोळी घ्यायची राहिली," त्या म्हणाल्या. "सकाळी पाहुणे आले, त्या गडबडीत. हाताला बोल लावण्यात अर्थ नाही."

"तुकडा सापडला तर चिकटवता येईल," मी म्हटलं.

खाली ढलप्यांचा ढीग होता, आठवडाभराचा. तो मी सुपात घेतला आणि धान्य पाखडतात तसा पाखडायला लागले. हलक्या ढलप्या पुढे उडायच्या, जड तुकडे मागे राहायचे. सिस्टर मागे राहिलेले तुकडे एकेक उचलून पानाच्या जागी लावून बघत होत्या. नवरा दारातून बघून गेला आणि थोड्या वेळानं स्वतःच येऊन टेबलाखाली वाकून शोधायला लागला. त्यालाच सापडला, भिंतीच्या फटीत. चिकटवला, शिकंज्यात धरला, दुसऱ्या दिवशी सोडला. जवळून पाहिलं तर सांधा दिसतो. लपवायला मी भुसा भरणार होते, सिस्टर नको म्हणाल्या. मलाही वाटलं, जाऊ दे.

त्यानंतर त्या गोळी घेतल्याशिवाय टेबलाला हात लावत नसत. गोळी लागू व्हायला वेळ लागे, तेवढ्या वेळात त्या दगडावर पटाश्यांना धार लावून घेत. मी माझ्यापुरतं यातून एक घेतलं. मला गोळ्या नाहीत, पण राग असतो, घाई असते, कुणाशी तरी वाजलेलं असतं. एकदा एका गिऱ्हाइकानं झालेली गणेशपट्टी नाकारली होती, मी त्याच तिरमिरीत देव्हाऱ्याच्या खांबाला बसले होते. सिस्टरनी दोन ठोके ऐकले आणि म्हणाल्या, "आधी चहा ठेव." मी ठेवला. चहा होईपर्यंत हात निवला. आता मी टेबलाला बसायच्या आधी हात बघते, म्हणजे मनच बघते. ते बरोबर नसेल तर त्या दिवशी धार लावते, नाहीतर लाकूड घासते. कोरत नाही.

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात फळी झाली. मी पॉलिश पेपर काढला तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "पटाशीचे ठसे राहू दे." नुसतं जवसाचं तेल लावलं. लिंबाचा रंग उतरल्या उन्हासारखा तांबूस झाला. नवऱ्यानं सांगाडा तयार ठेवला होता, त्यात फळी बसवली. बसवताना तो नेहमी भराभर ठोकतो. त्या दिवशी कपडा खाली घेऊन हळूहळू ठोकत होता.

ईस्टरच्या उपासनेला सिस्टरनी मला बोलावलं. मी बायकांत मागच्या बाकावर बसले. चर्चच्या पाळकसाहेबांनी पहिला उतारा वाचायला सिस्टरना पुढे बोलावलं. दुखण्यानं त्यांचा आवाज बारीक झाला होता, माईक असूनही शेवटच्या बाकांपर्यंत नीट पोचत नव्हता. लोक शांत बसून ऐकत होते. त्यांनी डावा हात पुस्तकावर ठेवला होता, उजव्या हातानं स्टँडची कड धरली होती. उतारा संपेपर्यंत हात हलला नाही.

उपासना सुटल्यावर लोक स्टँडभोवती जमले. ऊसतोडीवरून नुकती परतलेली एक म्हातारी बाई पुढे झाली. तिनं कणसावरून बोट फिरवलं आणि रिकाम्या टरफलांपाशी थांबली.

"हितं पाखरानं खाल्लंय," ती म्हणाली.

"व्हय," सिस्टर म्हणाल्या.

"मंग दाना चांगला असंल." ती एवढंच बोलून बाहेर गेली. सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी त्यांचं पुष्कळांनी कौतुक केलं, पण घरी येताना त्या फक्त या बाईबद्दल बोलल्या.

पुढे पाऊस सुरू झाल्यावर त्या घरात एकदा पडल्या. मोठं काही झालं नाही, पण मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. जायच्या आधी मी त्यांना दोन पटाश्या, हातोडा आणि शिकंजा दिला. सागवानाचे काही तुकडेही दिले. त्यांनी "कशाला" म्हटलं नाही, पिशवी उघडून धारा तपासल्या.

इकडे माझ्याकडे शनिवारी काही बायका यायला लागल्या. चर्चमधल्या दोघी, आमच्या आळीतली एक, आणि तालुका शाळेतली एक शिक्षिका. दोघींनी सोडलं, दोघी टिकल्या. मी त्यांना पहिल्या दिवशी पटाशी देत नाही, लाकडावर अंगठा फिरवायला सांगते आणि ठोक्याचा आवाज ऐकवते. हे सगळं मला बोलता येतं याचं नवऱ्याला नवल वाटतं. तो म्हणतो, "तुझा बाप तर कामाचा एक शबुद बोलत नव्हता." खरंच आहे. शिक्षिकाबाई विचारतात आणि मला सांगता येत नाही तेव्हा मी म्हणते, थांबा, करून बघते.

परवा सिस्टरचा फोन आला. त्यांचं बोलणं आता समजून घ्यावं लागतं, मध्ये मध्ये शब्द सुटतात. गॅलरीत टेबल टाकून घेतलंय म्हणाल्या. दुपारी ठोकायला लागल्या तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली, त्यांचं नातवंड झोपलेलं असतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, तिचं बरोबर आहे. मी आता टेबलाखाली गोधडी घातलीय आणि चारनंतर बसते. पण गोधडीनं टेबल डुलतं गं. ठोका खाली जातच नाही."

मी सांगितलं, गोधडी काढा, टेबलाच्या चारी पायांखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे ठेवा. आवाज मरतो आणि टेबल हलत नाही. त्यांनी मुलाला हाक मारली आणि ते त्याला लिहून घ्यायला लावलं. पुन्हा मला म्हणाल्या, "पुण्यात जुनं टायर कुठं मिळायचं, तेवढं तूच पाठव." नवरा पुढच्या भागात ट्रॉलीला चाकं लावत होता. मी त्याला विचारलं, आणि तो हातातलं काम ठेवून सायकलच्या दुकानाकडे गेला.